मेमरी एक, हक्कदार अनेक

फोनवर व्हिडिओ रेकॉर्ड करताना समोरचं दृश्य पडद्यावर दिसत असतं आणि त्याच वेळी ते फाइलमध्ये साठतही असतं. या रोजच्या कामात किती जण गुंतलेले असतात? कॅमेऱ्याचा सेन्सर, त्याचं कच्चं चित्र नीट करणारा आयएसपी, चित्रावर बटणं आणि आकडे चढवणारा जीपीयू, व्हिडिओ आवळून लहान करणारा एन्कोडर, पडद्याला पिक्सेल पुरवणारा डिस्प्ले कंट्रोलर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू. एकच फ्रेम यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून जाते.

ती फ्रेम केवढी असते ते पाहू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल. व्हिडिओत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एनव्ही१२ मांडणीत पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट लागतो. गुणाकार केला की एक फ्रेम सुमारे १२.४ एमबीची निघते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ३७३ एमबी. आता समजा प्रत्येक टप्प्यावर सीपीयूने ती एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवली. एका कॉपीत एकदा वाचणं आलं आणि एकदा लिहिणं आलं, म्हणजे रॅमच्या वाटेवर सेकंदाला साडेसातशे एमबीची ये-जा. चार टप्पे असले तर तीन जीबी. एवढी हमाली करून हाती काय येतं, तर तेच चित्र आणखी चार ठिकाणी. वर फोन तापतो आणि बॅटरी उतरते ते वेगळंच.

म्हणून कॉपी करायचीच नाही असं ठरलं. फ्रेम एका जागी ठेवायची आणि ज्याला काम असेल त्याने तिथं येऊन ते करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, किचकट कामांत याचा नंबर बराच वर लागतो. जागा वाटून देणं जमतं. या क्षणी त्या जागेवर कोणाचा अधिकार आहे, हे सगळ्यांना एकाच वेळी कळवणं आणि पाळायला लावणं अवघड जातं. इथे उदाहरणं लिनक्स कर्नलची घेतली आहेत, कारण त्याचा कोड कोणालाही वाचता येतो आणि अँड्रॉइड फोनही त्याच्यावरच चालतात.

सीपीयूला मध्ये न घेता उपकरणाने थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं याला डीएमए म्हणतात. ही कल्पना नवी नाही. १९८१ सालच्या आयबीएम पीसीतही त्यासाठी इंटेलची ८२३७ ही वेगळी चिप होती आणि फ्लॉपीवरचा डेटा तिच्यामार्फत रॅममध्ये जायचा. आज नेटवर्क कार्ड, एसएसडी, साउंड कार्ड, जीपीयू, सगळ्यांत स्वतःची डीएमए यंत्रणा असते. सीपीयू फक्त सांगतो, "अमुक पत्त्यावर अमुक एवढं लिही," आणि दुसऱ्या कामाला लागतो. पहिली ठेच या "अमुक पत्त्या"लाच लागते.

कोणताही प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो आभासी असतो. कर्नलने ठेवलेल्या पेज टेबलातून तो रॅममधल्या खऱ्या पत्त्यावर उतरवला जातो, साधारणपणे ४ केबीच्या एकेका पानाच्या हिशेबाने. उपकरणाला हे टेबल दिसत नाही. त्याचे पत्ते तिसऱ्याच प्रकारचे असू शकतात. गावाबाहेरच्या जमिनीला तलाठ्याच्या दप्तरी गट नंबर असतो, ती शहराच्या हद्दीत आली की सिटी सर्व्हे नंबर मिळतो आणि कुरिअरवाल्याला तर "मारुती मंदिरामागे" एवढंच पुरतं. जमीन एकच, पण तलाठ्यासमोर कुरिअरचा पत्ता ठेवून सातबारा मिळत नाही. रास्पबेरी पाय २ आणि ३ या छोट्या संगणकांत हे अगदी उघड दिसतं. सीपीयू ज्या जागेला शून्य म्हणतो, तीच जागा तिथली डीएमए उपकरणं ३ जीबी या पत्त्याने ओळखतात. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहिणाऱ्याने हा फरक विसरून सीपीयूचाच आकडा उपकरणाला दिला, तर उपकरण तो निमूटपणे पाळतं आणि भलतीकडेच लिहून मोकळं होतं. म्हणून लिनक्समध्ये नियम असा की पत्ता स्वतः काढायचा नाही, कर्नलच्या डीएमए यंत्रणेकडे बफर (डेटासाठी घेतलेली मेमरीची जागा) द्यायचा आणि "या उपकरणासाठी याचा पत्ता सांग" असं विचारायचं.

शिवाय प्रत्येक उपकरणाचा हात सगळ्या रॅमपर्यंत पोचतोच असं नाही. जुन्या पीसींत बसवायच्या आयएसए कार्डांना २४ बिटांचे पत्ते कळायचे, म्हणजे पहिले १६ एमबी. त्यांच्यासाठी राखलेला मेमरीचा वेगळा विभाग लिनक्समध्ये अजून आहे, आणि हा केवळ इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ आला तो ४ जीबीपर्यंतच्या रॅमसह. त्याच्या पहिल्या चिपमधल्या पीसीआय एक्स्प्रेस या उपकरणं जोडणाऱ्या वाटेला पहिल्या ३ जीबीच्या पलीकडचं दिसत नव्हतं (यूएसबीचे पोर्ट त्यावरच बसवलेले), आणि काही जुन्या वळणाच्या उपकरणांची धाव तर पहिल्या १ जीबीपर्यंतच होती. चौसष्ट बिटांच्या एआरएमवर (फोनमध्ये आणि अशा बोर्डांवर असणारं प्रोसेसरांचं घराणं) आता असल्या विभागांची गरज उरली नाही असं वाटत असताना, या एका बोर्डासाठी लिनक्स ५.५ मध्ये खालचा १ जीबी वेगळा राखण्याची सोय पुन्हा करावी लागली. चिप बनवणारे पत्त्याच्या दोन तारा वाचवतात आणि त्याची किंमत पुढे कित्येक वर्षं सॉफ्टवेअरवाले मोजतात, असं माझं मत यावरून झालं आहे.

बफर आवाक्याबाहेर असेल तर कर्नल आवाक्यातल्या जागी एक तात्पुरता बफर घेतो, उपकरणाला त्यावर काम करू देतो आणि मग मजकूर मूळ जागी आणून ठेवतो. याला बाउन्स बफर म्हणतात. ज्या कॉपीपासून पळ काढला तीच मागच्या दाराने परत येते. काम मात्र अडत नाही.

दुसरी अडचण सलगतेची. प्रोग्रॅमला एकसंध दिसणारा १२ एमबीचा बफर प्रत्यक्ष रॅममध्ये तीन हजार ठिकाणी विखुरलेला असू शकतो. शहाणी उपकरणं तुकड्यांची यादी घेऊन काम करतात. साधे कॅमेरे आणि व्हिडिओ एन्कोडर बरेचदा हट्ट धरतात की जागा सलगच हवी. त्यांच्यासाठी २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये सीएमए ही सलग मेमरी पुरवणारी यंत्रणा आली, मुख्यतः सॅमसंगच्या अभियंत्यांच्या कामातून. मोठा सलग पट्टा राखून ठेवायचा, पण तो रिकामा पडू द्यायचा नाही. कॅमेरा बंद असताना तिथं हलवता येण्याजोगी पानं राहू द्यायची आणि कॅमेऱ्याने मागणी केली की ती दुसरीकडे हलवायची. एखादं पान कोणीतरी जखडून ठेवलं असेल तर मात्र हलवाहलव फसते आणि कॅमेरा उघडत नाही. सलगता गृहीत धरणाऱ्यांना २०१६ च्या अखेरीस आणखी एक धडा मिळाला. लिनक्स ४.९ मध्ये कर्नलचा स्टॅक, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या चलांची जागा, आभासी पत्त्यांवर हलवायची सोय झाली आणि स्टॅकवरच्या चलाचा पत्ता सरळ डीएमएला देणारे कितीतरी ड्रायव्हर, विशेषतः यूएसबीचे, मोडले. असं करायचं नाही असा नियम आधीपासून होता, पण चालत होतं म्हणून चालवलं जात होतं.

आता कॅश. माझ्या मते या विषयातली सर्वांत रोचक आणि सर्वांत छळवादी गोष्ट हीच.

सीपीयू रॅमशी थेट बोलत नाही. तो बहुतेक वेळा ६४ बाइटच्या ओळी आपल्या कॅशमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणून ठेवतो आणि त्यावरच काम करतो. एका चिपवर आठ कोअर असले तर एकाच ओळीच्या अनेक प्रती होतात. त्या जुळत्या ठेवायचं काम हार्डवेअर करतं. १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून मांडली गेलेली आणि पुढे मेसी नावाने रुळलेली पद्धत आजही या कामाचा पाया आहे. ओळीत बदल करण्याआधी त्या कोअरने इतरांकडच्या प्रती बाद करायच्या, असा तिचा गाभा. त्यामुळे प्रोसेसर-प्रोसेसरमध्ये शिळ्या प्रतीची भीती नसते. एकाच वेळी दोघांनी बदल करू नये म्हणून लॉक लागतात, पण तो वेगळा प्रश्न.

उपकरणं या कराराच्या आत आहेत का? डेस्कटॉप आणि लॅपटॉपमधल्या एक्स-८६ प्रोसेसरांवर सहसा आहेत. नेटवर्क कार्डाने रॅममध्ये लिहिलं की कॅशला ते कळतं. फोनमधल्या आणि छोट्या बोर्डांवरच्या अनेक एआरएम चिपांत मात्र सगळी उपकरणं त्यात नसतात. तिथे सीपीयूने बफरमध्ये लिहिलं आणि ते अजून कॅशमध्येच पडून असेल, तर उपकरण रॅममधला जुना मजकूर उचलून नेतं. उलट दिशेनेही तसंच. उपकरणाने रॅममध्ये ताजं चित्र टाकलेलं असतं आणि सीपीयू आपल्या कॅशमधलं कालचं पाहत बसतो.

इलाज असा: उपकरण वाचणार असेल तर आधी कॅशमधला बदललेला भाग रॅममध्ये उतरवायचा आणि उपकरण लिहिणार असेल तर सीपीयूची जुनी प्रत फेकून द्यायची. म्हणूनच लिनक्समध्ये बफर उपकरणाच्या हवाली करताना दिशा सांगावी लागते: उपकरणाकडे, उपकरणाकडून, की दोन्हीकडे. हवाली केल्यापासून परत घेईपर्यंत तो बफर उपकरणाचा. सीपीयूने त्याला हात लावायचा नाही. मध्येच डोकावायचं असेल तर "आता माझ्याकडे" आणि "आता पुन्हा तुझ्याकडे" असं दोन स्वतंत्र हाकांनी कर्नलला कळवायचं. आधुनिक सीपीयू पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून न मागताही ओळी आणून ठेवतो, त्यामुळे उपकरणाचं लिहिणं चालू असतानाच शिळी ओळ परत कॅशमध्ये शिरू शकते. म्हणून फेकायचं काम सुरुवातीला एकदा करून भागत नाही, बफर परत घेतानाही करावं लागतं.

खरी गंमत ओळीच्या शेजाऱ्यांची. समजा ड्रायव्हरच्या रचनेत १६ बाइटचा डीएमए बफर आहे आणि त्याला चिकटून एक मोजणीचा आकडा. दोघं एकाच ६४ बाइटच्या ओळीत. उपकरण बफरमध्ये लिहीत असताना सीपीयूने फक्त आकडा वाढवला. बफरला त्याने स्पर्शही केला नाही, पण कॅशला १६ बाइट वेगळे कळत नाहीत, तिच्या लेखी अख्खी ओळ बदलली. पुढे ती ओळ रॅममध्ये उतरली की उपकरणाने लिहिलेलं तिच्याखाली गाडलं जातं. ती उतरण्याआधीच कर्नलने फेकली तर आकड्यातली वाढ गायब. दोन्हीकडून नुकसानच, आणि तेही शंभरातून एखाद्या वेळी, भर लोडमध्ये. असला दोष शोधताना माणूस आधी हार्डवेअरवर संशय घेतो, मग कंपायलरवर.

म्हणून डीएमएचा बफर पूर्ण ओळींवर एकट्याचा असावा लागतो. चौसष्ट बिटांच्या एआरएमवर लिनक्स त्यासाठी इतकं सावध वागत असे की कर्नलमध्ये कोणी ८ बाइट मागितले तरी १२८ दिले जायचे, कारण काही चिपांची ओळ तेवढी मोठी असू शकते. २०२३ च्या लिनक्स ६.५ मध्ये हे सैल झालं. लहान मागणीला लहानच जागा द्यायची आणि असा बारका तुकडा कोणी डीएमएला दिलाच तर बाउन्स बफरमधून न्यायचा. पुन्हा तीच कॉपी, पण इथे ती स्वस्त पडते.

कॅश सांभाळली तरी क्रम उरतोच. नेटवर्क कार्ड आणि सीपीयू यांच्यात नोंदींची एक गोल यादी असते. प्रत्येक नोंदीत बफरचा पत्ता, लांबी आणि मालकी दाखवणारा एक बिट. सीपीयू पत्ता-लांबी भरतो आणि शेवटी तो बिट कार्डाच्या नावे करतो. पण अनेक प्रोसेसर लिहिण्याचा क्रम बदलू शकतात. बिट आधी पोचला आणि पत्ता मागून, तर कार्ड अर्धवट नोंद खरी मानून निघतं. म्हणून मध्ये बॅरियर टाकतात: याच्या आधीचं सगळं दिसल्याशिवाय याच्या पुढचं दिसू द्यायचं नाही. एका ओळीचं काम, पण ती विसरलेले ड्रायव्हर एक्स-८६ वर बिनतक्रार चालतात आणि एआरएमवर नेले की रडतात.

इथवर एक सीपीयू आणि एक उपकरण यांचं झालं. सुरुवातीच्या कॅमेऱ्याच्या साखळीत एका उपकरणाचा बफर दुसऱ्याला द्यायचा असतो, आणि मध्ये दोन-तीन वेगवेगळे प्रोग्रॅमही असतात. २०१२ च्या आधी प्रत्येक चिप कंपनीने यासाठी आपापली चूल मांडली होती. क्वालकॉमची पीमेम, एनव्हिडियाची एनव्हीमॅप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीमेम. अँड्रॉइडसाठी गूगलने आयॉन आणलं. मुख्य लिनक्समध्ये मार्च २०१२ च्या ३.३ आवृत्तीत डीएमए-बफ आलं. ते घडवणारे आणि पुढे सांभाळणारे अभियंते सुमित सेमवाल.

डीएमए-बफमधली चतुराई अशी की बफरला फाइलचं रूप दिलं. ज्या ड्रायव्हरची मेमरी आहे तो ती निर्यात करतो आणि प्रोग्रॅमला एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे साधा आकडा, मिळतो. हा डिस्क्रिप्टर दुसऱ्या प्रोग्रॅमला सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधली संवादाची वाट) पाठवता येतो. घेणारा तो जीपीयूच्या किंवा डिस्प्लेच्या ड्रायव्हरला देतो आणि तो ड्रायव्हर कर्नलला "माझ्या उपकरणासाठी याचे पत्ते सांग" असं विचारतो. चित्र जागचं हलत नाही. शिवाय शेवटच्या धारकाने फाइल बंद केल्याशिवाय मेमरी मोकळी होत नाही, त्यामुळे ती कधी सोडायची याचा हिशेब युनिक्सच्या जुन्या, घासूनपुसून पक्क्या झालेल्या यंत्रणेतच बसला. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वेलँड या पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या पद्धतीत त्यांची चित्रं आज याच वाटेने जातात.

यावरून भांडणही झालं. डीएमए-बफची फंक्शनं फक्त जीपीएल या मुक्त परवान्याच्या ड्रायव्हरांना खुली होती. २०१२ मध्येच एनव्हिडियाकडून ती बंदिस्त ड्रायव्हरांनाही खुली करा अशी मागणी आली आणि ॲलन कॉक्स यांच्यासह काही कर्नल विकासकांनी ती धुडकावली. बंधन आजही आहे. आयॉनचं काम पुढे डीएमए-बफ हीप्सनी उचललं (लिनक्स ५.६, २०२०) आणि ५.११ मध्ये आयॉन कर्नलमधून काढून टाकलं.

मेमरी वाटली, पण पाळी कोणाची? जीपीयूचं चितारणं संपायच्या आत डिस्प्लेने चित्र उचललं तर अर्धी नवी, अर्धी जुनी फ्रेम दिसते. त्यासाठी बफरला फेन्स जोडतात. फेन्स म्हणजे "हे काम पुरं झालं की कळवेन" असा उपकरणाने दिलेला शब्द. डिस्प्लेचा ड्रायव्हर त्याची वाट पाहतो, प्रोग्रॅमला मध्ये पडावं लागत नाही. हा शब्द ठरावीक काळात पाळलाच गेला पाहिजे, हा फेन्सचा कडक नियम. कारण रॅम कमी पडली की कर्नल पानं मोकळी करायला निघतो आणि जीपीयूचं पान हाती आलं तर त्याच्या फेन्ससाठी थांबतो. आता ज्या कोडने तो फेन्स पुरा करायचा त्यालाच वाटेत थोडी मेमरी मागावीशी वाटली तर? मेमरी फेन्ससाठी थांबलेली, फेन्स मेमरीसाठी. यंत्र गोठतं.

सुरक्षेचा भाग मी मागे ठेवला, पण तो लहान नाही. डीएमए असलेल्या उपकरणाने मनात आणलं तर ते सगळी रॅम वाचू शकतं. फायरवायर पोर्टला लावलेल्या उपकरणातून संगणकाची मेमरी वाचता येते हे दोन हजारच्या दशकातच दाखवलं गेलं होतं. उपाय म्हणजे आयओएमएमयू. सीपीयूसाठी जशी पेज टेबलं तशीच उपकरणांसाठी, म्हणजे नेमून दिलेल्या पानांपलीकडे उपकरणाला काही दिसतच नाही. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एआरएम एसएमएमयू. विखुरलेली पानं उपकरणाला सलग दाखवायचं कामही त्याच्याकडूनच होतं. तरी २०१९ मध्ये केंब्रिज आणि राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी थंडरक्लॅप नावाने दाखवलं की नेटवर्क कार्डाचं सोंग घेतलेलं उपकरण आयओएमएमयू चालू असतानाही बरंच काही काढून नेऊ शकतं. एक कारण जुनंच, शेजाऱ्यांचं. संरक्षण ४ केबीच्या पानाचं असतं, आणि नेटवर्कचा बफर त्याहून लहान असला तर त्याच पानावर कर्नलचा दुसरा नाजूक मजकूर असू शकतो. शिवाय पान काढून घेतल्याची खबर आयओएमएमयूच्या अंतर्गत कॅशला लगेच देणं महाग पडतं, म्हणून लिनक्स वेगासाठी ती काही मिलिसेकंद मागे ठेवू शकतो. तेवढा वेळ दार उघडं.

सोडलेल्या मेमरीवर कोणाचा तरी हात राहणं हा धोका फोनमध्येही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एआरएमने आपल्या माली जीपीयूच्या ड्रायव्हरमधला एक दोष जाहीर केला. मोकळी झालेली मेमरी साध्या, विशेष अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमलाही हाताळता येत होती, आणि त्याचा मर्यादित, नेमका निवडून गैरवापर होत असल्याच्या खुणाही कंपनीने मान्य केल्या.

पुढची दिशा पत्त्यांचा भेदच मिटवण्याची आहे. २०१७ च्या लिनक्स ४.१४ मध्ये आलेल्या एचएमएम या सोयीमुळे जीपीयूला प्रोग्रॅमचेच आभासी पत्ते वापरता येतात. हवं ते पान जवळ नसेल तर जीपीयू सीपीयूसारखाच फॉल्ट, म्हणजे पान नसल्याची हाक, देतो आणि कर्नल पान पुरवतो किंवा जीपीयूच्या मेमरीत हलवतो. ॲपलने २०२० च्या एम१ पासून मॅकमध्ये सीपीयू-जीपीयूला एकाच मेमरीवर बसवलं, आणि सर्व्हरमध्ये सीएक्सएल हे जोडणीचं मानक उपकरणांना कॅशच्या कराराच्या आत घेऊ पाहतं आहे. त्याने पत्ते जुळतील, शिळ्या प्रतीही टळतील. फेन्स, बॅरियर आणि लॉक तरीही लागतीलच.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपुढे यातली रोजची अडचण अशी की काम बहुधा एक्स-८६ च्या लॅपटॉपवर सुरू होतं आणि तिथं हार्डवेअर निम्म्या चुका पोटात घालतं. दिशा चुकीची सांगा, बफर परत न घेताच वाचा, सगळं चालून जातं. यासाठी लिनक्समध्ये २००९ पासून डीएमएची तपासणी करणारा पर्याय आहे. तो चालू करून कर्नल बांधला की प्रत्येक बफर कोणी, कोणत्या दिशेने, किती लांबीचा हवाली केला याची नोंद तो ठेवतो आणि परत घेताना काही जुळलं नाही की कर्नलच्या लॉगमध्ये ड्रायव्हरचं नाव घेऊन बोंब मारतो. बोर्ड हाती यायच्या आधी तो एकदा चालवून पाहावा.